तालपुटाचा प्रश्न आणि पडद्यावरचे दुःख

संयुत्त निकायातील गामणि संयुत्तात तालपुट नावाच्या एका नटप्रमुखाची कथा आलेली आहे. तालपुट तथागतांना विचारतो की, रंगभूमीवर खऱ्याखोट्याचा खेळ करून लोकांना हसविणारा, रमविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जन्मतो, असे आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले. यावर भगवंतांचे मत काय? तथागत दोन वेळा हा प्रश्न विचारू नकोस म्हणतात. तिसऱ्या वेळी मात्र ते स्पष्ट उत्तर देतात. प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात; नट त्यांच्यापुढे तीच बंधने वाढविणाऱ्या गोष्टी मांडतो, स्वतः प्रमत्त होतो आणि इतरांना प्रमत्त करतो; अशा कर्माचे फळ स्वर्ग असू शकत नाही. हे ऐकून तालपुटाला रडू कोसळते. उत्तर कठोर होते म्हणून तो रडत नाही. आपल्याच आचार्यांनी आपल्याला इतका दीर्घ काळ फसविले, याचे त्याला दुःख होते. पुढे तो प्रव्रज्या घेतो, अर्हत होतो आणि थेरगाथेत त्याच्या नावे एक दीर्घ गाथासमूह आजही वाचावयास मिळतो.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद आम्ही येथे चित्रपटाच्या संदर्भात आठवीत आहोत, त्यास कारण आहे. आपल्या समाजाने कवितेची, आत्मकथनाची, जलशाची समीक्षा केली. दलित साहित्याचे निकष कोणते, यावर आपल्याकडे दीर्घ वाद झाले. परंतु ज्या माध्यमाने आपल्या वस्त्यांतील मुलांच्या मनावर सर्वांत अधिक राज्य केले, त्या चित्रपटाकडे आपण एकतर करमणूक म्हणून पाहिले किंवा त्यात बाबासाहेबांची तसबीर दिसली की टाळ्या वाजविल्या. तंबूतल्या सिनेमापासून हातातल्या मोबाइलपर्यंत पडद्याचा आकार बदलला. पाहण्याची दृष्टी मात्र आपण घडविली नाही. वृत्तपत्रातील परीक्षक चित्रपटास तारे देऊन मोकळा होतो. बौद्ध उपासकास तेवढ्याने भागणार नाही.

धम्माला कलेचे वावडे आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नृत्य, गीत, वादन आणि खेळ पाहणे यांपासून विरत राहण्याचा नियम उपासकासाठी उपोसथाच्या अष्टशीलात येतो. नित्याच्या पंचशीलात तो नाही. शिवाय संस्कृत नाट्याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अवशेष बौद्ध कवी अश्वघोषाचे आहेत. त्याच्या ‘शारिपुत्रप्रकरण’ या नाटकाचे तुकडे मध्य आशियातील तुर्फान येथे सापडले आणि ल्यूडर्स या जर्मन पंडिताने ते १९११ साली प्रसिद्ध केले. हाच अश्वघोष ‘सौंदरनंद’ काव्याच्या शेवटी आपला हेतू सांगतो. कडू औषध पिता यावे म्हणून त्यात मध मिसळावा, तसे आपण काव्य वापरले, असा त्याचा आशय आहे. तेव्हा एका टोकास तालपुट आहे, दुसऱ्या टोकास अश्वघोष आहे. चित्रपट बंधन आवळतो की मधातून औषध देतो, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे आम्ही तीन भाग करतो. चित्रपटातील दुःख कोणाचे आहे आणि ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आहे? त्या दुःखाचे कारण, म्हणजे समुदय, दाखविला आहे काय? आणि प्रेक्षक कोणती मनोवृत्ती घेऊन बाहेर पडतो? या तीन कसोट्यांवर आम्ही काही चित्रपट तपासणार आहोत. त्यांत नावाजलेले आहेत, आपल्याला प्रिय असलेलेही आहेत. प्रिय आहेत म्हणून त्यांना सूट द्यावी, असे कालाम सुत्त सांगत नाही.

दयेचा चित्रपट

१९३५ साली प्रभात कंपनीचा ‘धर्मात्मा’ आला. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवावयास जातात, हा कथेचा गाभा. तत्कालीन सवर्ण समाजास हे दृश्य धाडसाचे वाटले असेल. परंतु दृश्य नीट पाहिले तर त्यात थोर कोण ठरतो? जेवावयास जाणारा. ज्याच्या घरी पान मांडले, तो केवळ थोरपणा सिद्ध करण्याचे स्थळ होतो. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवले येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पडद्यावर संत अस्पृश्याच्या दारी येत होता आणि पडद्याबाहेर अस्पृश्य ते घरच सोडण्याचा निर्णय जाहीर करीत होता. दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रात, एकाच वर्षी घडल्या.

पुढच्या वर्षी, १९३६ साली, बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, नायिका देविका राणी, नायक अशोककुमार. रेल्वे फाटकावरील रखवालदाराची कन्या कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे हे प्रेम विवाहापर्यंत पोहोचत नाही आणि शेवटी कस्तुरी रेल्वेखाली प्राण देते. मग तिचे स्मारक होते. अस्पृश्य स्त्री जिवंत असताना जिला घरात जागा नाही, ती मेल्यावर वंदनीय होते, ही आपल्या चित्रपटाची जुनी खोड येथूनच दिसते. १९३६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापून काढले. जातीचा पाया धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यात आहे, असे त्यांनी तेथे दाखविले. ‘अछूत कन्या’मध्ये गावगुंड आहेत, अफवा आहेत, गैरसमज आहेत; शास्त्र नाही. दुःख आहे, समुदय नाही.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) या परंपरेतील सर्वांत सुंदर चित्रपट आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. नूतन यांचा संयत अभिनय आजही मन हेलावतो. अभियंता उपेंद्रनाथ चौधरी यांच्या घरात वाढलेली ही अस्पृश्य अनाथ मुलगी ‘मुलगी’ नसते, ‘मुलीसारखी’ असते. या एका ‘सारखी’मध्ये दिग्दर्शकाने सवर्ण घरातील सूक्ष्म जातीयता अचूक पकडली आहे. परंतु शेवट काय? पालक आईला रक्ताची गरज पडते, रक्त जुळते ते सुजाताचे, आणि मग तिचा स्वीकार होतो. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी अस्पृश्याने आपले रक्त काढून द्यावे, ही अट मानवतेची नव्हे. सावकारीची आहे.

बौद्ध वाचकाने ‘सुजाता’त आणखी एक गोष्ट पाहावी. त्यात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग दाखविला आहे. त्या नाटकाचे मूळ दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आहे. मातंग कन्या प्रकृती आनंदाला पाणी देते, त्याच्यावर अनुरक्त होते, तिची आई मंत्रप्रयोग करते. नाटक येथेच घोटाळते. अवदान मात्र पुढे जाते. तथागत प्रकृतीला प्रव्रज्या देतात. श्रावस्तीतील ब्राह्मण आणि राजा प्रसेनजित यांना ही गोष्ट रुचत नाही. तेव्हा तथागत मातंगराज त्रिशंकूची पूर्वकथा सांगतात. हा त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या कन्येची मागणी घालतो आणि वर्णभेद निसर्गात कोठेही नाही, असा तर्कशुद्ध युक्तिवाद करून त्या ब्राह्मणाला निरुत्तर करतो. म्हणजे मूळ बौद्ध कथेत अस्पृश्य वादात जिंकतो. चित्रपटात तो रक्त देऊन मने जिंकतो. हे अंतर थोडे नाही. बौद्ध साहित्यातून कथा उचलावी आणि तिच्यातील युक्तिवाद तेवढा गाळावा, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील नेहमीची रीत आहे.

दगडाचा प्रवास

सत्तरच्या दशकात समांतर चित्रपट आला. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) जमीनदाराचा तरुण मुलगा दलित स्त्रीचे शोषण करतो, तिच्या मुक्या नवऱ्याला फटके मारतो आणि शेवटी एक लहान मुलगा त्याच्या घराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला. ब्राह्मणाच्या दारी लाकूड फोडता फोडता दुखी मरतो आणि त्याचे प्रेत हाताचा स्पर्श न करता दोरीने ओढून नेले जाते. येथे समुदय आहे. विटाळाची कल्पना मेलेल्या देहालाही सोडत नाही, हे राय एकही भाषण न देता दाखवितात. आमच्या मते या विषयावरील हिंदी चित्रपटांत ‘सद्गती’ची बरोबरी करणारे फार थोडे आहेत.

तरीही एक उणीव राहते. गौतम घोष यांच्या ‘पार’मध्ये (१९८४) गावातून परागंदा झालेले नौरंगिया आणि रमा पोटासाठी डुकरांचा कळप नदीपार नेतात. नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमी यांनी त्या नदीत अक्षरशः देह झिजविला आहे. पाहताना श्वास कोंडतो. परंतु या सर्व चित्रपटांतील दलित माणूस सोसतो, विचार करीत नाही. त्याच्या घरात तसबीर नाही, पुस्तक नाही, सभा नाही. महाड १९२७ साली होऊन गेले, नागपूर १९५६ साली होऊन गेले, याची गंधवार्ता या गावांना नाही. दुःख आणि समुदय यांच्यापर्यंत हा चित्रपट आला. निरोध आणि मार्ग या सत्यांपाशी तो थबकला. दुःख निवारता येते, हे ज्याला दिसत नाही, त्याने कितीही प्रामाणिकपणे दुःख रंगविले तरी ते अर्धे सत्यच होय.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) तो दगड पुन्हा आला. ‘अंकुर’मधला दगड पाहणाऱ्या मुलाने मारला होता, जमीनदाराच्या काचेवर. ‘फँड्री’मधला दगड सोसणारा जब्या स्वतः मारतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. चाळीस वर्षांत दगड मारणारा हात बदलला आणि नेमही बदलला. याच चित्रपटात मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे कैकाडी कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते आणि त्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि इतर महापुरुषांचे चित्र आहे. भिंतीवर समतेचे चित्र, भिंतीबाहेर डुकराचे ओझे. एवढी जळजळीत टीका अग्रलेखांतून क्वचितच होते.

‘फँड्री’ आपल्याला आवडतो. पण तो आपल्यालाही प्रश्न विचारतो, हे आपण सोयीने विसरतो. जब्या आपल्या पूर्वाश्रमीच्या जातीचा नाही. तो कैकाडी आहे. ज्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे, त्या भिंतीच्या अलीकडे आपण आणि पलीकडे तो, असे तर झालेले नाही ना? शार्दूलकर्णावदानातील मातंग, ‘फँड्री’तील कैकाडी, यांचे दुःख आपले वाटल्याखेरीज आपल्या मैत्रीभावनेस अर्थ नाही. चित्रपटाच्या शेवटचा दगड सवर्णांच्या अंगावर आला म्हणून आपण सुखावलो असू, तर आपण तो नीट पाहिला नाही.

‘सैराट’ (२०१६) विषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. पूर्वार्धातील गाणी, नाच आणि उन्माद यांनी तरुणांना वेड लावले, आणि तालपुट सुत्ताच्या अर्थाने पाहिले तर हा रागाचा, म्हणजे आसक्तीचाच, खेळ आहे. परंतु शेवटी गाणी थांबतात, आवाज थांबतो आणि लहान मुलाची रक्ताळलेली पावले घराबाहेर पडतात. दिग्दर्शकाने आधी मध दिला आणि मग औषध. चित्रपटगृहातून निःशब्द बाहेर पडणारा प्रेक्षक पाहिला की अश्वघोषाची युक्ती फळास आली, असे वाटते. मात्र ज्यांनी गाणी तेवढी घरी नेली आणि पावले विसरली, त्यांच्यासाठी चित्रपटाचा पूर्वार्धच उरला, हेही खरे. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ रोजी विदर्भातच घडले. ती पावले विसरण्याची मुभा आपल्याला नाही.

पडद्यावरचे बुद्ध

‘अछूत कन्या’चे दिग्दर्शक ऑस्टेन यांनीच १९२५ साली ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट केला होता. एडविन आर्नोल्ड यांच्या १८७९ च्या ‘द लाइट ऑफ एशिया’ या काव्यावर तो आधारलेला होता आणि हिमांशु राय सिद्धार्थ झाले होते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि परिव्राजक पाहून राजपुत्र गृहत्याग करतो, ही कथा त्याने जगभर नेली. १९९३ साली बर्तोलुची यांचा ‘लिटल बुद्धा’ आला. तंत्र बदलले, रंग आले, कियानू रीव्हज सिद्धार्थ झाले. चार दृश्ये तीच राहिली, आणि त्यांच्या जोडीला सिएटलच्या बालकात एका लामाचा पुनर्जन्म शोधण्याची कथा आली. २०१३ च्या दूरदर्शन मालिकेनेही राजवाड्याचीच वाट धरली.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेतच या चार दृश्यांवर प्रश्नचिन्ह लावले आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी वा मृत पाहिलाच नव्हता, हे बुद्धीस पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून संघर्ष होतो, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ संघात उभा राहून त्यास विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते, आणि युद्ध टाळण्यासाठी तो परिव्रज्या पत्करतो. येथे गृहत्याग हा भावनेचा झटका नसून सार्वजनिक निर्णय आहे. सभा आहे, ठराव आहे, मतभेद आहे, पाणी आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या पुरुषाला बुद्धचरित्रात पाण्याचा प्रश्न दिसावा, यात नवल नाही.

चित्रपटाच्या दृष्टीनेही हा प्रसंग किती समर्थ आहे! तरीही शंभर वर्षांत ज्या बुद्धपटांना जगभर प्रसिद्धी मिळाली, त्यांपैकी कोणी तो मध्यवर्ती केला नाही. कारण उघड आहे. राजवाडा विकतो, संघसभा विकत नाही. वैराग्य पाहून प्रेक्षक हात जोडतो. पाणीवाटप पाहिले तर तो आपल्या गावातील विहिरीकडे पाहू लागेल. मोह टिकविण्याचे हे साधे गणित आहे.

अपवाद म्हणून एका जुन्या माहितीपटाचे नाव आम्ही आदराने घेतो. २५०० व्या बुद्ध जयंतीच्या निमित्ताने राजबन्स खन्ना यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोतम द बुद्धा’ (१९५७). निर्मिती बिमल रॉय यांची. त्यात बुद्धांच्या भूमिकेत कोणी नट नाही. शिल्पे, भित्तिचित्रे आणि भूप्रदेश यांतून चरित्र उलगडते. सांचीच्या प्राचीन शिल्पकारांनी बुद्धांची मूर्ती न घडविता बोधिवृक्ष, चक्र आणि पदचिन्हे कोरली. त्या परंपरेशी या माहितीपटाचे नाते आहे. बुद्धांचा चेहरा रंगविण्यापेक्षा बुद्धांची वाट दाखविणे अधिक उचित, हे ‘सुजाता’च्याच निर्मात्याला येथे उमगले होते.

पडद्यावरचे बाबासाहेब

आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाचा मुहूर्त १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते झाला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्यास मिळाले. बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंपैकी एकाच्या चित्रपटास दिलेला हा आशीर्वाद आपण ध्यानात ठेवावा. चित्रपट या माध्यमाचे सामर्थ्य त्यांना ठाऊक होते. परंतु मराठी चित्रसृष्टीने त्यानंतर अनेक दशके तो धागा पुढे नेला नाही.

जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० साली प्रदर्शित झाला. मामूटी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इंग्रजी चित्रपटाचा आणि कलादिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला. शासनाच्या साहाय्याने झालेल्या या चित्रपटाची तमिळ आवृत्ती चित्रपटगृहांत यायला २०१० साल उजाडावे लागले. राष्ट्रीय महापुरुषाच्या चित्रपटाची ही गत बोलकी आहे. मामूटी यांनी बाबासाहेबांची नक्कल केली नाही, त्यांची एकाग्रता साकारली. हे त्यांचे यश मोठे आहे. सोनाली कुलकर्णी यांची रमाई मनात राहते. आमचा आक्षेप रचनेवर आहे. चित्रपट बाबासाहेबांचे राजकीय आणि कायदेविषयक जीवन तपशिलाने सांगतो. धम्म मात्र त्यात शेवटचा प्रसंग म्हणून येतो. १९३५ च्या येवल्यापासून १९५६ च्या नागपूरपर्यंत एकवीस वर्षांचा जो शोध चालला, १९५० ची श्रीलंकेची भेट, १९५४ ची रंगूनची परिषद, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभेची स्थापना, तो शोध घटनांच्या गर्दीत हरवतो. त्यामुळे अनभिज्ञ प्रेक्षकास धर्मांतर हा रागाचा उद्रेक वाटू शकतो. तो अभ्यासाचा निष्कर्ष होता, हे पडद्यावर अजून यावयाचे आहे.

२०१९-२० मधील ‘महामानवाची गौरवगाथा’ या मराठी मालिकेने बाबासाहेबांना घराघरांत नेले, याबद्दल तिचे ऋण मानावे. परंतु दैनंदिन मालिकेची गरज म्हणून प्रत्येक प्रसंगास संगीताची फोडणी आणि प्रत्येक भागास चमत्काराचा शेवट देण्याने एक धोका संभवतो. बाबासाहेब पडद्यावर जितके अलौकिक होतील, तितके ते अनुकरणास दूर जातील. ज्याच्यासारखे होता येत नाही त्याची पूजा होते, आणि पूजा नको, हे तर त्यांचेच सांगणे.

आपला आवाज, आपला प्रदेश

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट मुंबईच्या रमाबाई नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारापासून आणि शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होतो. चौदा वर्षे लागलेल्या या कामात वस्तीतील माणसे स्वतः बोलतात, गातात, वाद घालतात. ‘पार’मध्ये जो दलित मुका होता तो येथे बोलका आहे. आमच्या कसोटीवर हा माहितीपट फार वर ठरतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे आपल्या विदर्भातील चळवळीचे कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. शाहिराच्या गाण्याने एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा खटला या चित्रपटात चालतो. त्या कामगाराची विधवा साक्ष देते की, तो गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकीत असे. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे, असे समजत असे. न्यायालय हे वाक्य नोंदवून पुढच्या तारखेकडे वळते. कोठेही खलनायक नाही, कोठेही किंकाळी नाही. कारणांची साखळी मात्र पूर्ण उघडी आहे: जातीचे काम, नसलेली साधने, कायद्याची भाषा, सुट्टीवर जाणारा न्यायाधीश. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगण्यास आम्हांला याहून चांगला चित्रपट सापडत नाही. द्वेष न वाढविता सत्य सांगता येते, याचा हा पुरावा आहे.

तमिळ ‘जय भीम’ (२०२१) विषयी याच कारणाने आम्ही साशंक आहोत. इरुला आदिवासींवरील पोलिसी अत्याचार आणि वकील चंद्रू यांचा लढा खरा आहे, विषय मोलाचा आहे. परंतु कोठडीतील मारहाण इतकी लांबविली आहे की प्रेक्षकाच्या मनात समजुतीपेक्षा संतापच साठतो, आणि मग तो संताप तारणहार नायकाच्या हाती सोपविला जातो. याउलट मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये (२०१८) अपमानित झालेला कायद्याचा विद्यार्थी शेवटी शत्रूच्या घरच्यांशी समोरासमोर बोलतो, आणि चहाचे दोन पेले शेजारी ठेवलेले दिसतात. प्रश्न सुटलेला नाही. संवाद मात्र बरोबरीच्या पातळीवर आला आहे. वैराने वैर शमत नाही, हे ज्यांनी पाठ केले आहे त्यांनी हा शेवट जरूर पाहावा.

नागपूरच्या भूमीवरील दोन चित्रपटांचा उल्लेख करून हे परीक्षण संपवू. शैलेश नरवाडे यांच्या ‘जयंती’मध्ये (२०२१) संत्या नावाचा वस्तीतील भरकटलेला तरुण वाचू लागतो आणि वाचनाने बदलतो. चित्रपट कलादृष्ट्या सफाईदार नाही, संवाद कधी भाषणाकडे झुकतात. तरीही जयंतीच्या डीजेपुढे नाचणाऱ्या आपल्याच पोरांना पुस्तकाकडे वळविण्याचे धैर्य त्याने केले. मार्गसत्य त्यात आहे. मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) जयंतीचा उत्सव हिंदी पडद्यावर दिमाखाने आला, अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक झाले, त्या क्षणाचे मोल आम्ही नाकारीत नाही. मुलांचा खेळ, त्यांची वऱ्हाडी-नागपुरी बोली अस्सल आहे. पण सारी कथा एका प्रौढ सज्जनाच्या हाताने पुढे सरकते. ‘अत्त दीप भव’ म्हणणाऱ्या समाजाला दिवा बाहेरून कोणी आणून द्यावा, ही कल्पना कितीही प्रेमळ असली तरी पुरेशी नाही.

अजून न झालेला चित्रपट

वणी आणि परिसरातील वाचकांपुढे आम्ही एक काम ठेवतो. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूर येथे दीक्षा दिली. वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीची विजासन लेणी उभी आहेत. या प्रदेशात धम्म नव्याने आला नाही, तो परत आला. गेल्या काही दशकांत येथील काळी माती वेकोलिच्या कोळसा खाणींनी पोखरली. शेतमजूर खाणकामगार झाले. या सर्व इतिहासाला पडदा मिळालेला नाही. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. देव्हाऱ्यातील देव कोणी, कसे, कोणत्या नदीत सोडले, घरातील म्हाताऱ्यांनी विरोध केला की साथ दिली, बायकांनी प्रथम काय बदलले, हे सांगू शकणारे कंठ वर्षागणिक कमी होत आहेत.

यासाठी मुंबईच्या निर्मात्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. तरुणांनी एका वर्षावासात आपापल्या गावातील वृद्ध उपासक-उपासिकांच्या साक्षी नोंदवाव्यात. प्रश्न थोडे विचारावेत, ऐकावे अधिक. संगीत घालू नये, अश्रू लांबवू नयेत. विहारातून महिन्यास एक चित्रपट दाखवावा आणि तो संपल्यावर दिवे लावून तासभर चर्चा करावी: दुःख कोणाचे, कारण काय, आपण काय घेऊन चाललो. पटलेले घ्यावे, न पटलेले सोडावे. तालपुटाला आपली फसवणूक कळली तेव्हा त्याचे आयुष्य बरेच सरले होते. आपल्या मुलांना ती आधी कळावी, एवढ्यासाठी हे सारे करावयाचे आहे.